घट्ट प्राइमर पॉकेट: जोर लावण्याआधी केसच्या बुडाकडे बघा

इंदूरमध्ये नेमबाजी म्हटलं की डोळ्यांसमोर येते दहा मीटरची एअर रायफल, फार तर .२२ चं पिस्तूल. शेजारच्या महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. तिथे तयार झालेल्या विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवलं, तेही .२२ वरच. या काडतुसात पेटणारा मसाला केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, बुडाच्या कडेत (रिममध्ये) भरलेला असतो. पिन त्या कडेवर बसते, कड चेपते आणि काडतूस उडतं. चेपलेली केस मग भंगारात जाते, ती परत भरता येत नाही. म्हणून आपल्याकडचे बरेच नेमबाज वर्षानुवर्षं खेळतात, पण 'प्राइमर पॉकेट', म्हणजे केसच्या बुडातली पेटवणारी वाटी बसवायची खोबण, हा शब्द त्यांच्या कानावर पडत नाही.

माझ्या कानावर तो भाच्यामुळे पडला. तो ओहायोत राहतो, सुटीच्या दिवशी क्लबात ९ मिलिमीटरचं पिस्तूल चालवतो आणि तिथल्या अनेकांसारखा स्वतःची काडतुसं गराजमध्ये स्वतःच भरतो. त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: "मामा, तू टूलरूमवाला ना, मग सांग. प्राइमर बसवताना काही केसमध्ये काडतुसं भरायच्या प्रेसचं हँडल अर्ध्यात अडकतं. जोर लावू का?" मी लगेच लिहिलं, "लावू नकोस." त्यावर त्याने अर्थातच "का?" असं विचारलं. पिथमपूरच्या कारखान्यांत माझी उमर 'फिट' बघण्यात गेली आहे. कुठला भाग कुठल्या भोकात किती घट्ट बसायला हवा, हाच धंदा. त्यामुळे हा 'का' मला सोडवेना.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून टाकतो. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरणं हा उघड, रुळलेला छंद आहे. आपल्याकडे आयुध अधिनियम १९५९ खाली काडतुसं बनवायला परवाना लागतो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत 'दारूगोळा' या शब्दात काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रंही मोडतात. तेव्हा कुणी हा लेख वाचून ऑनलाइन प्रेस मागवायला जाऊ नये. इथे मला फक्त धातू, माप आणि फिट यांचं बोलायचं आहे.

काडतुसाचे भाग चार: पितळेची केस, पुढची गोळी, आतली दारू आणि बुडाशी बसलेला प्राइमर. यातली केस सोडून सगळं एका बारात खर्च होतं. केस साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. बार उडताना ती फुगून चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेला, चिकटते, दाब उतरला की किंचित आकसते आणि बाहेर येते. पिस्तुलाचा दाब रायफलपेक्षा बराच कमी असल्यामुळे पिस्तुलाची चांगली केस पुन्हापुन्हा भरता येते. वापरलेला प्राइमर पिनने बाहेर ढकलायचा, केस डायमधून काढून मापात आणायची, नवा प्राइमर बसवायचा, मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. भाच्याचं घोडं अडलं होतं ते नव्या प्राइमरपाशी.

प्राइमर म्हणजे धातूची इवलीशी वाटी. तिच्यात धक्क्याने पेटणारा मसाला दाबून बसवलेला असतो आणि मसाल्यावर तीन पायांची किंवा दोन पायांची बारीक ऐरण. पिस्तुलाची पिन वाटीवर आदळते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडला जातो, ठिणगी उडते आणि केसच्या बुडातल्या भोकातून आत दारूपर्यंत पोचते. ही रचना इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांची, १८६६ च्या सुमाराची. त्याच काळात अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी दुसरी पद्धत काढली. तिच्यात ऐरण केसच्याच बुडाला घडवलेली असते आणि तिच्या बाजूला सहसा दोन बारीक भोकं असतात. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातल्या बऱ्याच लष्करांनी अमेरिकनाची. केस परत भरणाऱ्याला बॉक्सर सोयीची, कारण मधोमध एकच भोक असतं आणि त्यातून सरळ पिन घालून जुना प्राइमर पाडता येतो. बर्डनच्या केसमध्ये तीच पिन घातली तर ती ऐरणीवर आपटते आणि वाकते किंवा तुटते. जुनी .३०३ ची लष्करी केस कुणाकडे पेपरवेट म्हणून पडलेली असेल तर तोंडातून आत टॉर्च मारून बघा, बहुधा दोन भोकं दिसतील.

आता माप. वर्कशॉपमध्ये आपण इंचाच्या हजाराव्या भागाला 'थाऊ' म्हणतो, तेच इथे चालवू. पिस्तुलाचे प्राइमर दोन आकारांत येतात. लहान साधारण १७५ थाऊ व्यासाचा, म्हणजे जवळपास ४.४५ मिलिमीटर, आणि मोठा २१० थाऊचा, म्हणजे ५.३३ मिलिमीटर. ज्या खोबणीत तो बसतो ती, म्हणजे पॉकेट, मुद्दामच प्राइमरपेक्षा एक-दोन थाऊने लहान ठेवलेली असते. कुठल्याही फिटरला विचारा, याला तो प्रेस फिट म्हणेल. म्हणजे प्राइमर थोडा घट्ट जाणं हा दोष नाही, तशीच त्याची योजना आहे. भाच्याला मी पहिल्यांदा हेच बजावलं. घट्टपणा पार घालवायचा नाही. कुठला घट्टपणा योजनेतला आणि कुठला बाहेरून आलेला, एवढंच ओळखायचं.

योजनेतला घट्टपणा कशासाठी, ते आकड्यात बघू. अमेरिकन कारखान्यांची जी मानकं आहेत, त्यांत साध्या ९ मिलिमीटर काडतुसाला कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरला आहे. लहान प्राइमरचं क्षेत्रफळ काढून त्याला या दाबाने गुणलं तर ८४० पौंडांच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे पूर्ण दाब प्राइमरवर आला असं धरलं तर त्या बटणाएवढ्या वाटीला मागे ढकलणारा जोर ३८० किलोंच्या घरात जातो. हा जोर खोबणीच्या पकडीने थोपत नाही. तो थोपतो मागच्या पोलादी ब्रीचवर, म्हणजे केसच्या बुडाला टेकणाऱ्या पिस्तुलाच्या भागावर. पकडीचं काम वेगळं आहे: बाजूने गॅस निसटू द्यायचा नाही आणि प्राइमर जागचा हलू द्यायचा नाही. खोबण सैल झाली की कडेने काजळी येते, गरम गॅसची बारीक धार ब्रीचच्या पोलादाला खाऊ लागते आणि एखादा प्राइमर पिस्तुलाच्या यंत्रणेत गळून पडतो.

उलट, प्राइमर पूर्ण आत गेला नाही तर दोन गोष्टी होतात. पहिली, बार फुसका जातो. ऐरणीचे पाय खोबणीच्या तळाला टेकलेले नसले की पिनचा ठोसा प्राइमर खाली सरकवण्यातच खर्च होतो आणि मसाला चिरडला जात नाही. असं काडतूस पुष्कळदा दुसऱ्या ठोक्याला उडतं, आणि लोक दोष देतात पिस्तुलाच्या स्प्रिंगला. दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. प्राइमर बुडाच्या वर आलेला असेल आणि पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड जोरात पुढे येऊन त्यावर आदळली, तर काडतूस चेंबरमध्ये नीट बंद होण्याआधीच पेटण्याचा धोका असतो. रिव्हॉल्वरमध्ये उंच प्राइमर मागच्या प्लेटला घासतो आणि सिलिंडर फिरेनासा होतो. म्हणून मानक असं आहे की प्राइमर केसच्या बुडाशी सपाट असावा किंवा जास्तीत जास्त ८ थाऊ आत. भरणारे अनुभवी लोक ३ ते ५ थाऊ आत धरतात आणि बोट फिरवून बघतात. बोटाला किंचित खड्डा लागला पाहिजे.

मग बाहेरून येणारा घट्टपणा कुठला? भाच्याने मला केसच्या बुडांचे जवळून घेतलेले फोटो पाठवले आणि अर्धं उत्तर त्यांतच होतं. काही केसवर खोबणीच्या तोंडाभोवती एक बारीक गोल दाबलेली रेघ होती. हा क्रिंप. लष्करी काडतूस सबमशीनगनमध्येही चालावं लागतं. तिथे केस घाईने, थोडा दाब शिल्लक असतानाच ओढून काढली जाते. अशा वेळी एखादा प्राइमर सैल होऊन यंत्रणेत अडकला तर हत्यार ऐन वेळी बंद. म्हणून कारखान्यात प्राइमर बसवल्यावर भोवतालचं पितळ ठोकून त्याच्या अंगावर वळवतात. कधी पूर्ण गोल रेघ असते, कधी तीन-चार ठिकाणी टोचा. केसच्या बुडावर वर्तुळात अधिकाचं चिन्ह दिसलं, तर ते नाटोच्या मानकाचं काडतूस आहे आणि तिथे क्रिंप असणार असं धरूनच चालावं. क्लबच्या जमिनीवरून उचललेल्या मिश्र केसमध्ये अशा थोड्या तरी निघतातच.

क्रिंपवाल्या केसमधून जुना प्राइमर थोडा जोर लावून निघून जातो, पण आत वळलेली कड तशीच राहते. नवा प्राइमर त्या कडेवर येऊन थांबतो. भाच्याचं हँडल तिथेच अडकत होतं. जोर लावला तर प्राइमर तिरपा होतो, त्याची कड सोलवटते, वाटी चेपते, आणि चिडून आणखी जोर लावला तर हातातच पेटू शकतो.

याला औषधं दोन. एक म्हणजे स्वेजिंग: केस आतून एका दांड्यावर टेकवायची आणि बुडाच्या बाजूने कडक पोलादाचं, गोलाईचं बटण खोबणीत दाबायचं. कड कापली जात नाही, मागे सरते आणि तोंडाला छान गोलाई येते. दुसरं म्हणजे रीमिंग: वळलेली कड कटरने कापून टाकायची. मला विचाराल तर मी स्वेजिंगच्या बाजूने आहे, कारण धातू जागेवर राहतो आणि बटणाचं माप ठरलेलं असल्यामुळे हाताला चूक करायला वाव कमी. पण त्यातही मेख आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या केसचं बूड आतून कमीजास्त जाड असतं. एका जातीवर सेट केलेला दांडा दुसऱ्या जातीच्या जाड बुडाला जास्त दाबतो आणि खोबण फुगवतो, तिसऱ्या जातीला धड टेकतच नाही. म्हणून आधी बुडावरचे शिक्के बघून केस वेगळ्या करायच्या, मग सेटिंग. हे कंटाळवाणं काम आहे, भाच्याने तोंड वाकडं केलंच. पण टूलरूममध्येही निम्मा वेळ सेटिंगलाच जातो, प्रत्यक्ष काम मिनिटभराचं असतं.

रीमर स्वस्त पडतो आणि थोड्या केसना पुरतो. धोका असा की हातात ड्रिल आलं की माणूस थांबत नाही. काही जण केसच्या तोंडाची बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढायचं शंकूसारखं हत्यारच खोबणीत फिरवतात. कड निघते खरी, पण त्या हत्याराला खोलीचा अटकाव नसतो आणि ते जरा कलंडलं की खोबणीचं तोंड एका बाजूला खाल्लं जातं. पावसाळ्यात फुगलेलं दार घाईघाईने रंधून घेतलं की उन्हाळ्यात ते खडखड वाजत राहतं, तशी गत. पितळ पुन्हा भरून येत नाही. थांबण्याची खूण साधी आहे: दाबलेली रेघ दिसेनाशी झाली आणि कडेला बारीक चकचकीत उतार आला की पुरे. खोबणीच्या भिंतीला हात लावायचा नाही. पकड त्या भिंतीचीच आहे.

दोन्हींत एक दिलासा आहे. क्रिंप कारखान्यातच होतो, बार उडवल्याने तो परत येत नाही. म्हणजे एका केसच्या आयुष्यात हे काम एकदाच. साफ केलेल्या केस वेगळ्या डब्यात ठेवल्या की पुढच्या वेळी हा व्याप नाही. आता ऐका, क्लबात सगळ्यांच्या केस एकाच बादलीत पडतात आणि ही मेहनत दुसऱ्याच्या घरी जाते, ते वेगळं. काही जण म्हणूनच आपल्या केसच्या बुडावर मार्कर पेनने रंगीत रेघ मारून ठेवतात.

क्रिंप नसतानाही प्राइमर अडतो. सगळ्यात फसवं प्रकरण .४५ एसीपी या जाड पिस्तूल-काडतुसाचं. या काडतुसाच्या केस परंपरेने मोठ्या प्राइमरच्या, पण काही कारखाने त्याच केस लहान प्राइमरच्या काढतात. बाहेरून दोन्ही सारख्याच. लहान खोबणीवर मोठा प्राइमर आला तर ३५ थाऊंचा फरक आहे, कुठलंही स्वेजिंग तो भरून काढणार नाही. यंत्राची गती चालू असेल तर प्राइमर सरळ चिरडला जातो. यावर उपाय डोळे, दुसरा कुठलाही नाही. रायफलचा मोठा प्राइमरही चुकून हाती येऊ शकतो. त्याचा व्यास तोच, पण उंची जास्त, त्यामुळे पिस्तुलाच्या खोबणीत तो पूर्ण बसला तरी वर उरतो. 'पॉकेट घट्ट आहे' म्हणून माणूस दाबत बसतो आणि खोबण बिचारी बरोबर असते.

काही वेळा जुना प्राइमर निघालेलाच नसतो, अर्धवट निघालेला असतो. गंजलेल्या किंवा क्रिंपवाल्या प्राइमरमध्ये पिन वाटीच्या तळातून आरपार जाते, मधला तुकडा खाली पडतो आणि वाटीची गोल भिंत खोबणीला चिकटून राहते. वरवर बघताना पॉकेट रिकामं वाटतं. ओल्या पद्धतीने स्टीलच्या बारीक सुया घालून केस धुणाऱ्यांच्या बाबतीत एखादी सुई तळाच्या भोकात किंवा खोबणीत अडकलेली सापडते. जळलेल्या मसाल्याची काजळी मात्र उगाच बदनाम आहे. ती तळाला जमते, त्यामुळे प्राइमर एखाद-दोन थाऊ उंच राहू शकतो, पण तोंडाशी अडवण्याचं काम ती करत नाही. तळ खरवडायला छोटा ब्रश पुरतो.

आणि मग काही केस खरोखरच मुळात घट्ट असतात. क्रिंप नाही, घाण नाही, फक्त कारखान्याने खोबण मापाच्या खालच्या टोकाला ठेवली आणि तिचं तोंड काटकोनात धारदार सोडलं. अशा केसला हलका उतार दिला की प्राइमरला शिरायला वाट मिळते. त्यात प्राइमर स्वतः मापाच्या वरच्या टोकाचा असेल तर दोन्ही फरक एकत्र येतात आणि चांगल्या केसमध्येही जड जातो. इथे गो-नो गो गेज कामाला येतं, आपण भोकं तपासायला वापरतो तसंच. गो बाजू जायला हवी, नो-गो अडायला हवी. भाच्याने ते मागवलं आणि त्याला कळलं की त्याच्या 'घट्ट' केसपैकी बऱ्याच मापात होत्या. दोष प्रेसच्या शेलप्लेटचा, म्हणजे केस धरून ठेवणाऱ्या चकतीचा होता. ती किंचित सरकलेली असल्यामुळे प्राइमर खोबणीच्या बरोबर मधोमध येतच नव्हता.

तेलाचा थेंब लावून सरकवण्याची कल्पना त्याच्याही डोक्यात आली होती. ती सोडायला लावली. तेल मसाल्यापर्यंत झिरपलं तर प्राइमर निकामी होऊ शकतो. केसचं बूड तापवून पितळ मऊ करायची कल्पना त्याहून घातक. केसचं तोंड तापवून मऊ करतात हे खरं, पण बूड कडक राहिलं म्हणून तर तो दाब झेलला जातो. मऊ बूड फाटू शकतं.

हातात धरून प्राइमर बसवायची छोटी साधनं मिळतात. घट्टपणाची तक्रार असेल तोवर भाच्याने तीच वापरावी असं मी सुचवलं, कारण लांब हँडलच्या प्रेसवर जोर इतका वाढतो की बोटांना काही कळत नाही. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे हँडलच्या एका फेरीत अनेक कामं उरकणाऱ्या प्रेसवर, तर प्राइमर नळीत एकावर एक रचलेले असतात. एक पेटला तर बाकीचेही पेटू शकतात. चष्मा घातल्याशिवाय या कामाला बसायचंच नाही. मसाल्यात बहुधा शिशाची संयुगं असतात, म्हणून केस साफ करताना उडणारी धूळ नाकात जाऊ द्यायची नाही आणि हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही. अर्धा बसलेला प्राइमर असेल आणि केस रिकामी असेल, तर ती बाजूला ठेवून सावकाश निकाल लावता येतो. पण दारू आणि गोळी भरून झाल्यावर प्राइमर वर राहिलेला दिसला, तर तो तसाच आत दाबायचा नाही. आधी गोळी आणि दारू काढायची, मग प्राइमरचं बघायचं.

शेवटी त्याने विचारलं, काही केसमध्ये प्राइमर अगदी लोण्यात गेल्यासारखा जातो, त्या चांगल्या ना? नाही रे बाबा. त्यांची खोबण फुगली आहे, जास्त दाबामुळे किंवा कुणीतरी जास्त रीम केल्यामुळे. नो-गो गेज आत गेलं की ती केस संपली. टाकताना पक्कडीने तिचं तोंड चेपून टाक, म्हणजे दुसरा कुणी बादलीतून उचलून ती भरणार नाही.